कडी बाहेरून होती

कळंब
२९ ऑक्टोबर १९९८

चिरंजीव सोमनाथ,

तुझा दिवाळी अंक पोस्टमनने सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही हे माझं नशीब. तुझी गोष्ट मी आधी चुलीपुढे वाचली, मग गोठ्यात जाऊन पुन्हा वाचली. आरती विचारायला लागली होती, "आई, तुला थंडी वाजते का?"

सोमा, हे तू काय करून ठेवलंस?

गावाचं नाव बदललंस. पण पठार आपल्या आणे गावचंच. कुरणातली धनगराची खोप तीच. ज्याने गावच्या पुढाऱ्याचं नाव ओवीत गुंफलं, कुरण कुणी गिळलं ते भर यात्रेत गाऊन दाखवलं, तो माणूस आपला चुलता भिमानाना नाही तर कोण? आणि तापाने फणफणलेल्या त्या माणसाच्या खोपीला बाहेरून कडी घालून छपराला काडी लावणारा तुझा 'तात्यासाहेब' म्हणजे धर्माजी, हे आण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तेही एक वेळ चाललं असतं. कुजबुज तेव्हाही झालीच होती. नानाच्या विडीनं पेटलं म्हणून सगळे गप्प बसले.

पण तू झाडावर मुलगी बसवलीस.

त्या दुपारी दादा मेंढरं घेऊन घाटाकडे गेले होते, आई बाजाराला. नानाजवळ कोण होतं हे गावाला ठाऊक आहे. मी होते. आग लागली तेव्हा मी ओढ्यावर होते असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे ते धरून चालले. खरं मी फक्त तुला सांगितलं, तू जुन्नरच्या बोर्डिंगातून सुट्टीला आला होतास तेव्हा. तुझ्याकडून शपथ घेतली होती. आईला नाही, दादांना नाही, लग्न झाल्यावर नवऱ्यालाही नाही. एकट्या तुला.

मीसुद्धा लिहिते, सोमा. रविवारच्या पुरवणीत माझ्या चार कविता येतात, तुझ्यासारखं नाव नसेल झालं. त्या दुपारबद्दल मी एकही ओळ लिहिली नाही. मला सुचली नाही असं वाटलं का तुला?

आज धर्माजीच्या शब्दावर तालुक्यात माणसांच्या बदल्या होतात. तू नागपुरात कॉलेजात शिकवतोस. मी इथे, आण्यापासून एसटीच्या अंतरावर. माझी मुलगी पायी शाळेत जाते.

फोन करू नकोस. चौकातला बूथवाला कान लावून बसतो. लिही.

तुझी आक्का


कळंब
१६ नोव्हेंबर १९९८

सोमा,

तुझं पत्र आलं. 'आण्यात दिवाळी अंक वाचतो कोण?' असं लिहिलंस. आता ऐक कोण वाचतो ते.

परवा सकाळी दारात जीप थांबली. मी अंगणात शेण सावडत होते. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. मी वर पाहिलं तर धर्माजी. म्हातारा झालाय, गालफडं बसलीत, पण चालताना डावा खांदा तसाच पुढे काढतो. मी तो खांदा वरून पाहिलाय.

"वळखलं का, रोहिणीबाई? तुमच्या माहेरचा हाये मी," म्हणाला आणि ओट्यावर बसला.

सासूबाईंनी चहा टाकायला सांगितला. माहेरचं माणूस म्हणून त्यांनी बशीत चिवडाही काढला. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. तो चहा फुंकत फुंकत बोलत होता. पाऊस, कांदा, कारखान्याची ऊसतोड. मग म्हणाला, "तुमचा सोमनाथ लई मोठा लेखक झाला म्हणं. आमच्या हायस्कुलातल्या गुरुजींनी वाचून दाखवली गोष्ट. झ्याक लिवलीय."

मी म्हटलं, "मी नाही वाचली अजून."

"वाचा की. तुमी बी लिवता न्हवं?" आरती तेवढ्यात दप्तर घेऊन बाहेर आली. त्याने तिला जवळ बोलावलं, पेढा दिला. "कितवीत हायेस गं बाय? कंच्या रस्त्यानं जाते शाळंला?"

आणि माझ्या वेड्या पोरीने सगळं सांगितलं. कालव्याकडेने, मग उसातून, मग देवळापाशी.

"एकलीच?"

"मैत्रीण असते. कधी कधी एकटी."

त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहून हसला. "तुमी बी लहानपणी लई झाडावं चढायच्या म्हणं, रोहिणीबाई. पडली-बिडली असती पोरगी. नशीब म्हणायचं."

जीप गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भला माणूस दिसतोय." मी पेढे गाईला घातले. दुसऱ्या दिवसापासून आरतीला मी सोडायला जाते आणि घ्यायला जाते. उसात पान हललं तरी थांबते. ती हसते मला. तिला वाटतं, मी बिबट्याला भिते.

तू लिहितोस की साहित्य कल्पित असतं आणि कायद्याने काही होऊ शकत नाही. तो कायद्याची भाषा बोललाच नाही, सोमा. तो पेढे घेऊन आला होता.

आक्का


आणे
३ डिसेंबर १९९८

सोमा,

हे पत्र माहेराहून लिहितेय. आई बाहेर वाघराच्या जाळीत कोकरं मोजतेय, तोवर होईल तेवढं लिहिते.

दादांनी निरोप धाडला होता: अंक घेऊन ये. गुरुजी पारावर बोलले आणि ते दादांच्या कानावर आलं. 'राघूच्या पोरानं भिमाजीची गोष्ट लिवली.' दादांनी गुरुजींना वाचायला सांगितली नाही. म्हणाले, "माझी लेक वाचंल."

घरापुढे घोंगडी टाकून बसले. आई जात्यापाशी. मी वाचायला लागले. नानाच्या गाण्याचं जे तू लिहिलंयस ते वाचताना दादा मान डोलवत होते. नाना ओवी उचलायचा आणि दादा मागून धरायचे, ते दोन भाऊ एका गळ्याने गायचे, ते सगळं तू बरोबर उतरवलंस. आपल्या दोघांना शब्दांचं वेड कुठून आलं असं मला लोक विचारतात. आईच्या जात्यावरून, सांगते मी. खरं म्हणजे नानाकडून. त्याला अक्षर येत नव्हतं, पण जो भेटेल त्याला तो ओवीत बसवायचा. तेच त्याच्या जिवावर बेतलं.

मग खोपीपाशी आले. झाडावरच्या मुलीचं पान मी सोडलं आणि एकदम आगीवर आले.

दादा म्हणाले, "मधलं ऱ्हायलं, पोरी."

"नाही राहिलं."

"ऱ्हायलं. आता समदे पळत्यात. काडी कुणी लावली ते आलंच न्हाई."

आई जात्याचा खुंटा धरून बसली होती. ती म्हणाली, "वाच. जे हाय ते वाच."

मी वाचलं. कडी, काडी, धर्माजीबरोबरचा दुसरा माणूस, आणि झाडावर तोंडात पदर कोंबून बसलेली मुलगी. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती मुलगी कोण हे त्यांना कळलं. आईलाही. तिने पदर तोंडाला लावला, अगदी तू लिहिलंयस तसा.

दादांनी अंक माझ्या हातून घेतला आणि मिटला. मग म्हणाले, "म्हंजी बिडीनं न्हाई."

"नाही."

"मी त्याला शिव्या दिल्या, रोहिणी. इतकी वर्सं. जेवताना, मेंढरामागं, देवापुढं सुदीक. बिडीपायी मेला, मला एकल्याला टाकून गेला म्हणून." म्हाताऱ्याचे डोळे कोरडे होते. तेच मला जास्त भयंकर वाटलं. मग त्यांनी विचारलं, "ह्यात लिवलंय तसं, आत तो गात व्हता का गं?"

सोमा, आता तुला एक सांगते. तुलाही सांगितलेलं नव्हतं. नाना गात नव्हता. दारावर धडका मारत होता आणि दादांना हाका मारत होता. "राघू, राघू." घाटाकडे तोंड करून हाक मारावी तशा. मग हाका थांबल्या.

तू त्याला शेवटी ओवी म्हणायला लावलीस ते वाचून मला तुझी किळस आली होती. जळणारा माणूस गातो का? पण दादांनी विचारलं आणि मी म्हणाले, "हो. गात होता." त्यांनी डोळे मिटले. तुझ्या त्या खोट्याने म्हाताऱ्याला काल झोप लागली. म्हणून तेवढ्यापुरतं मी तुला माफ केलं.

बाकीचं नाही.

आज सकाळी दादा कुऱ्हाडीला धार लावत होते. आईने ती काढून घेतली आणि पेंढीत लपवली. आईने माझे हात धरले, म्हणाली, "एक गेला. आता दुसरा जाऊ देऊ नको." मी काय करू शकते? पण इथे सगळे माझ्याकडेच बघताहेत.

आक्का


कळंब
१९ जानेवारी १९९९

सोमनाथ,

वर्तमानपत्रात कदाचित येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

धर्माजीने पुन्हा माणूस पाठवला होता. आण्याच्या यात्रेत दुपारी कविसंमेलन, गावच्या लेकीचा सत्कार, शाल आणि नारळ. निरोप असा, की बाईंनी दोन कविता म्हणाव्यात आणि दोन शब्द बोलावेत. भावाची गोष्ट मनाची आहे, तिचा गावाशी संबंध नाही, एवढंच. "मग समदं मिटलं," तो माणूस म्हणाला. "मालकांच्या मनात काय बी न्हाई. पोरीला बी आणा यात्रेला."

पोरीला आणा.

मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ह्यांना सगळं सांगितलं. तुझे मेहुणे संपतराव पाईप जोडत बसले होते. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"तू सोता पाह्यलं?"

"हो."

"आन् मला इतकी वर्सं बोलली न्हाईस."

"भीती वाटायची."

"माझी?"

"सगळ्यांचीच."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. सासूबाईंनी आतून ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "मनाचीच हाय म्हणून टाक की बाई. तुझ्या नानाला काय आता जीव येणार हाय? आमच्या घरात आग आणू नको." मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतःला तेच सांगत होते. यात्रेच्या दिवशी एसटीत बसले तेव्हाही माझ्या मनात तेच होतं. म्हणेन, मनाची आहे. दोन शब्द. पोरगी सुखरूप राहील.

संपतराव बरोबर आले. आरतीला आम्ही शिनोलीला नणंदेकडे ठेवलं.

मंडप भरला होता. आमटीच्या कढयांचा वास सगळीकडे. दादा आणि आई खाली पुढे बसले होते, दादांना मी इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं. धर्माजीने स्वतः माझ्या खांद्यावर शाल घातली. त्याचा हात मानेला लागला. माइकपाशी नेताना हळूच म्हणाला, "दोन शब्द."

मी एक कविता म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हणाले, माझ्या भावाच्या गोष्टीबद्दल मला विचारलं जातंय. आणि थांबले. खाली संपतराव खांबाला टेकून उभे होते. ते काही खुणावत नव्हते. फक्त खांब सोडून पुढे आले आणि मंडपाच्या पायरीशी उभे राहिले.

मी म्हणाले, "भावाच्या गोष्टीत चुका आहेत. त्याने झाड बाभळीचं लिहिलंय. बाभळीवर कोण बसेल? झाड कडुलिंबाचं होतं. मी कोकरांना पाला काढायला चढले होते. खोप माझ्या चुलत्याची, भिमाजीची. दाराची कडी बाहेरून होती. ती ज्यांनी घातली त्यांनी आत्ता माझ्या अंगावर शाल घातलीय."

सोमा, मी ओरडले नाही. माइकमुळे ते यात्राभर गेलं.

कुणीतरी वायर ओढली. धर्माजी बसल्या जागी हसत होता, "बाईंची तब्येत बरी न्हाई." त्याची दोन माणसं माझ्याकडे आली, तर पायरीवर संपतराव. आणि मग दादा उभे राहिले. काठी टेकत आले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. त्यांनी शाल माझ्या खांद्यावरून काढली, नीट घडी घातली, धर्माजीच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "आमाला नगं." बस. आम्ही चौघं मंडपातून बाहेर चालत आलो. कुणी वाट अडवली नाही, कुणी बरोबर आलंही नाही. पण लोकांनी वाट दिली, एवढं मी पाहिलं.

एसटीने आधी शिनोलीला गेलो, आरतीला घेतलं.

आक्का


कळंब
८ मार्च १९९९

सोमा,

पोलिसांनी जबाब घेतला. साहेब नवे आहेत, सभ्य आहेत. म्हणाले, "ताई, दार नाही, मयताचे कागद नाहीत, बरोबरचा तो दुसरा माणूस मरून गेला. तुमच्या एकटीच्या शब्दावर काय उभं राहणार?" तरीही त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली.

गेल्या आठवड्यात आमचा ऊस पेटला. भर दुपारी. तोड यायला थोडेच दिवस होते. आवाज येतो रे उसाचा जळताना, कांड्या फुटतात. मी बांधावर उभी होते आणि मला काही ऐकू येईना, फक्त तेवढंच ऐकू येत होतं. शेजारपाजारची माणसं धावली, विझवला, अर्धा वाचला. विजेच्या तारेने पेटलं असं पंचनाम्यात लिहिलंय. असेलही. तारा खाली आल्या आहेत हे खरं आहे.

मी सासूबाईंच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. 'आग आणू नको म्हटलं होतं ना' असं त्या म्हणाल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. पण दुसऱ्या सकाळी त्या आरतीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून दारात उभ्या. हातात विळा. मला म्हणाल्या, "तू घरी बस. तुझे पाय कापत्यात, पोरगी भिती तुला बघून." तेव्हापासून त्याच नेतात, त्याच आणतात. कालव्याच्या कडेने म्हातारी पुढे आणि आरती मागे. लोक विचारतात, "म्हातारे, विळा कशाला?" त्या सांगतात, "गवत दिसलं तर कापावं म्हणून."

तू पाठवलेलं पत्र वाचलं. पुस्तक निघतंय, त्यात ही गोष्ट पहिली आहे, आणि प्रकाशकाला वाटतं की यात्रेतला प्रसंग शेवटी जोडावा. तू मला परवानगी विचारतोस. या वेळी विचारलंस, त्याबद्दल आभार. नाही. तो प्रसंग माझा आहे. मी लिहायला घेतलाय. गद्यात, पहिल्यांदाच. सकाळी आरती शाळेत गेली की बसते.

आक्का


कळंब
२३ मे १९९९

सोमनाथ,

आरतीला घेऊन नागपूरला ये, इथे मोठं घर आहे, शाळा चांगल्या आहेत, असं तू लिहिलंस. वहिनीनेही खाली दोन ओळी लिहिल्यात. दोघांचं मन कळलं. पण आम्ही कुठे जाणार नाही. ह्यांनी उसाची लावण पुन्हा धरली आहे.

तू भीती गेली का म्हणून विचारतोस. नाही. जीपचा आवाज आला की अजून हातातलं काम टाकून आरती कुठे आहे ते बघते. धर्माजी आहे तसाच आहे, लग्नांत पहिल्या पंगतीला बसतो. पण आई सांगत होती, तो पारावर आला की माणसं बोलायची थांबतात, आणि कोणी त्याला मधे घेत नाही. तो थोडा वेळ बसतो आणि उठून जातो. याहून जास्त काही होईल असं मला वाटत नाही. दादा त्याच्या अंगणावरून मेंढरं नेतात. मुद्दाम. आई म्हणते, नका जाऊ. ते जातात. मलाही वाटतं, नका जाऊ.

माझ्या लेखासाठी तू दोन संपादकांची नावं दिलीस, ती ठेवून घेतली. शुद्धलेखन तपासून देतो म्हणालास, ते नको.

मला तुझ्याकडून वेगळं काही हवंय.

पुढच्या महिन्यात तुझं कॉलेज उघडायच्या आत आण्याला ये. दादा लगेच बोलणार नाहीत तुझ्याशी. आई रडेल, मग भाकरी थापेल. ते सगळं होईल. पण जीप करून घरापुढे उतरू नकोस, आणि अंधार पडल्यावर तर येऊच नकोस. सकाळच्या एसटीने ये. स्टँडवर उतर. तिथून पारावरून, हायस्कुलावरून, धर्माजीच्या दारावरून पायी घरी चालत ये. हळू ये. कुणी हाक मारली तर थांब, विचारलं तर नाव सांग.

तुला भीती वाटेल. पाय मागे ओढतील. मी स्टँडवर उभी असेन, तुझ्या डाव्या हाताला चालेन. आपण दोघं दिसलो पाहिजेत त्यांना.

वाट पाहते.

रोहिणी